एक शब्द, अनेक आजार

आमच्या डोईफोडियाकडे मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून या आजाराची नावंही दोन्हीकडची: फिट, फेफरं, आकडी, मिरगी. नावं चार, समज मात्र एकच. माणूस पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. आणि मुलगी असेल तर घरचे गप्पच राहतात. सोयरीक मोडेल ना!

चरकसंहितेत याला ‘अपस्मार’ म्हटलं आहे आणि त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. ‘सगळं एकच’ असं त्या वैद्यांनीही मानलं नव्हतं. १८४१ साली डॉ. वेस्ट या इंग्रज डॉक्टरांनी आपल्याच तान्ह्या मुलाचे झटके लिहून ठेवले. बाळाची मान पुन्हा पुन्हा पुढे झुकायची. आज तो आजार ‘वेस्ट सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. १९२९ साली जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख छापला. ईईजी ती हीच.

आता डॉक्टर विचारतात, झटका सुरू कुठून झाला? मेंदूच्या एका भागातून झाला तर एकच हात उडतो, किंवा माणूस भान हरपून नुसते ओठ चाटत राहतो. दोन्ही बाजूंनी एकदम झाला तर शरीर ताठ होऊन झटके येतात. शाळकरी पोर काही सेकंद टक लावून बसतं. आपण म्हणतो, लक्ष नाही अभ्यासात. वयात आलेल्या मुलीच्या हातून सकाळी उठल्या-उठल्या कप उडतो. आपण म्हणतो, धांदरट आहे. तापात लहान मुलाला येणारी आकडी तर बहुतेक वेळा अपस्मार नसतेच.

कायद्यानं मात्र सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं. हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीनं त्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्माराचे झटके बसवले. तेवढ्यावर लग्न रद्द ठरवून घेता येई. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला.

पण बायांनो, आपल्या घरातून तो निघाला का? आजार लपवून लग्न लावतात, आणि सासरी कळू नये म्हणून पोरगी गोळ्या बंद करते. गोळी एकाएकी सुटली की झटका जोरानं परततो. दिवस गेले तरी गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं. त्यासाठी ती गोळी सासरच्या फडताळात उघड्यावर ठेवता आली पाहिजे.