मुरंब्याची बरणी

घराण्यांचे कुलवृत्तांत चाळले असता कोणी वतन मिळविले, कोणी कोणता हुद्दा भूषविला, याची साक्षेपाने केलेली नोंद आढळते. परंतु चैत्र-वैशाखात कैऱ्या किसून वर्षाची बेगमी करणाऱ्या गृहिणीच्या कौशल्याविषयी त्यांत एक ओळही सापडत नाही. वस्तुतः त्या कौशल्याचा इतिहास अल्प नव्हे.

फळ टिकविण्याची विद्या आपल्या देशात पुरातन आहे. चरकसंहितेतील च्यवनप्राशात ५०० आवळे शिजवून त्यांत साखर, मध व तूप घालण्यास सांगितले आहे. 'मुरंबा' हे नाव मात्र अरबी 'मुरब्बा' या शब्दापासून फारसीच्या द्वारे आपणांकडे आले. ते ऐकताना आपणांस 'मुरणे' आठवते. पण त्या अरबी धातूचा अर्थ जोपासणे, वाढविणे असा आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले आणि पुढे त्यांच्याबरोबर पेरू, अननस ही अमेरिकेतील फळे इकडे रुजली. गोव्यातील पेराद आणि आंब्याचे मांगाड ही त्या संबंधाची गोड स्मृती होय.

फ्रान्समध्ये निकोला आपेर याने बंद बाटल्यांत अन्न उकळून टिकविण्याची पद्धत १८१० साली प्रसिद्ध केली. ते का टिकते, याचा उलगडा पुढे पाश्चरच्या संशोधनाने झाला. आमच्या आज्यांना ही मीमांसा ठाऊक नव्हती. तथापि त्यांचा आचार तिला धरूनच होता. दाट पाकातील साखर जंतूंस लागणारे पाणी त्यांना मिळू देत नाही व कैरीची आंबटाई तीस साह्य करते. ओला चमचा आत गेला, की तेथील पाक पातळ होऊन बुरशी धरते. म्हणूनच बोटांत पाकाची तार पाहणे, बरणी उन्हात कडकडीत वाळविणे, तिच्या तोंडाला दादरा बांधणे हे नियम त्या कटाक्षाने पाळीत.

साखर सर्वांस परवडत नसे. तेथे गुळांबा होई. महायुद्धाच्या काळात साखरेवर नियंत्रण आले, तेव्हाही गुळाचाच आधार होता. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला आणि अशा कारखान्यांमुळे पुढे साखर सुलभ झाली. पाठोपाठ बाजारच्या बाटल्याही घरात आल्या. १९५५ च्या सरकारी आदेशाने कारखान्यातील फळपदार्थांचे मान ठरविले. घरच्या बरणीचे मान मात्र आजीच्या बोटांतच राहिले, आणि पुष्कळ घरांतून ते तिच्याबरोबरच गेले.

तेव्हा ज्ञातिबंधुभगिनींस एवढीच विनंती, की घरात जाणती वडीलधारी असेल तर तिच्याजवळ बसून हे सारे लिहून घ्यावे : कैरी कोणती, किसास साखर किती, तार किती, आणि तिला शिकविले कोणी. खाली तिचे पूर्ण नाव लिहावे. कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीत त्या पानास स्थान द्यावे. ते देणे आपणांवर फार दिवसांचे आहे.