व्यसनी माणसाचा डॉक्टर

ठाणे खाडीच्या पूर्व अंगाला, कोपरखैरण्याला लागून बोनकोडे हे गाव आहे. एके काळी भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर जगणारा हा मुलूख. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, आणि आज गावठाणाभोवती शहर उभे आहे. अशा गावातली बारावीची एखादी मुलगी गुरुजींना म्हणाली, "मला दारूड्यांची डॉक्टर व्हायचंय," तर गुरुजी बहुधा विचारतील, "असा डॉक्टर असतो का गं?"

असतो. पण तो आपल्याकडे फार उशिरा आला. का, ते पाहू.

इंग्रज सरकारच्या लेखी दारू म्हणजे अबकारीचे उत्पन्न. १८९२ साली त्यांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदाच केला. परवान्याशिवाय फुले बाळगणे गुन्हा! कर भरला का, एवढेच सरकारने विचारले. पिणाऱ्याचे काय होते याची चौकशी कोणी केली नाही. तो रस्त्यावर पडला तर पोलीस, आणि भ्रमिष्ट झाला तर वेड्यांचे इस्पितळ.

या इस्पितळांच्या दप्तराची एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. १८९३ साली सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. इस्पितळांच्या नोंदवहीत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. रोग्याला पोलीस घेऊन येत, नातेवाईक जवळ नसत, आणि रकाना तर रिकामा ठेवायचा नाही. मग कारकून लिहून टाकी: 'गांजा'. आयोगाने १८९२ सालचे असे २२२ रोगी निवडले, आणि त्यांच्या गावी व नातेवाइकांकडे चौकशी करविली. तेव्हा ज्यांच्या वेडाचा गांजाशी काही संबंध मानता येईल असे उरले ९८. बाकीच्यांवर शिक्का मारून सगळे मोकळे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. हेतू चांगला, पण पिणारा आता आरोपी ठरला. औषध द्यायला मात्र कोणी बसले नव्हते.

आणि औषध लागतेच, मंडळी! वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, फिट येते, भास होतात. प्रसंगी प्राणही जातो. 'खोलीत कोंडा, आपोआप सुटेल' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते घातक आहे. डॉक्टर अशा वेळी झटके आवरणारी औषधे देतो, जीवनसत्त्व ब-१ ची सुई देतो. पण शरीर शांत झाले म्हणजे व्यसन सुटले असे नव्हे. खरे काम तिथून पुढे.

हे पुढचे काम महाराष्ट्राला पुण्यात पाहायला मिळाले. १९८०नंतर मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. पत्रकार अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी उपचार केंद्रासाठी मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी जबाबदारी अंगावर घेतली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. तिथे मारझोड नाही, साखळदंड नाही. बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते झाले, कारण नव्याने आलेल्याची सबब त्यांना पहिल्या वाक्यात ओळखू येई! व्यसनी माणसाच्या बायकोलाही तिथे बोलते केले. डॉ. अनिता १९९७ साली कर्करोगाने गेल्या. काम कन्या मुक्ता यांनी चालविले. बोनकोड्याच्या जवळ, ठाण्यात, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली. त्यांचाही मुक्तांगणशी जुना ऋणानुबंध.

कायदा मागाहून आला. दारू व मादक द्रव्ये यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था हा आजार आहे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट म्हटले.

तेव्हा गुरुजी, मुलीला वाट सांगा. बारावीला जीवशास्त्र, मग 'नीट' परीक्षा. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, वर स्वतःच्या हाताने रोगी पाहण्याचे एक वर्ष. मानसोपचारातील एम.डी. तीन वर्षे. इथेच थांबूनही व्यसनी माणसांवर उपचार करता येतात. पण आणखी तीन वर्षे देण्याची तयारी असेल तर याच विषयाची डी.एम. पदवी आहे. दिल्लीचे एम्स, बंगळूरचे निम्हान्स, चंडीगडचे पी.जी.आय. येथे ती शिकवतात. बेरीज साडेअकरा वर्षे! घरच्यांना ती मोठी वाटेल, आणि खर्चाची काळजी खोटी नाही. इतकी वर्षे शक्य नसतील तर परिचारिका, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याची पदवी घेऊनही याच वॉर्डात काम करता येते.

आणि एक सवय तिला आजपासून लावता येईल. गल्लीत कोणी झिंगून पडलेला दिसला, तर 'बेवडा' म्हणून पुढे जाण्याआधी, तो कधीपासून पितो आणि कशाने सुरुवात झाली, हे त्याच्या आईला विचारायचे.