उदगीरचे कागद आणि लिपीची किल्ली

लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें १७६० सालच्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेस कोंडींत धरून नमविलें आणि सुमारें ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पदरांत पाडून घेतला. पुढें वर्ष लोटतें न लोटतें तोंच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, भाऊ पानिपतावर पडले. त्या पराभवाच्या छायेंत उदगीरचा विजय झांकून गेला. परंतु त्याची साक्ष देणारे कागद पेशवे दफ्तराच्या रुमालांत बांधलेले राहिले.

१९३० सालापासून मुंबई सरकारनें ह्या दफ्तरांतील निवडक कागद प्रसिद्ध केले. संपादक होते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. एकंदर ४५ खंड निघाले आणि त्यांतला पहिलाच खंड उदगीरच्या लढाईचा होता. हे खंड पुढें दुर्मिळ झाले. आतां त्यांचीं पानें संगणकावर उतरलीं असून नांदेड-लातूरच्या जिज्ञासूस तीं घरबसल्या वाचतां येतात. ज्या गांवची हकीकत, त्याच परिसरांत ती परत आली, हा लाभ लहान नव्हे.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. पडद्यावर दिसतो तो सरदेसायांनीं निवडलेला आणि बाळबोधींत छापलेला मजकूर होय. मूळ कागद मोडींत आहेत, आणि निवडींत न आलेल्या कागदांची रास पुण्यास फार मोठी आहे. कागदाचें चित्र यंत्र घेईल. पण मोडी वाचणारा नसेल तर तें चित्र मुकेंच राहील. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. पणजोबांनीं लिहिलेलें खत पणतवास उलटें कीं सुलटें धरावें हेंहि कळेनासें झालें.

लिपीची किल्ली हातीं नसली म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला महानुभाव पंथाच्या ग्रंथांत सांपडतो. नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें ह्या पंथाचें पवित्र स्थान. पंथीयांनीं चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळा नांवाच्या सांकेतिक लिपींत उतरविले. नकला होत राहिल्या म्हणून ग्रंथ जगले. परंतु तेराव्या शतकांतील म्हाइंभटांचें 'लीळाचरित्र' बाहेरच्या मराठी वाचकास शतकानुशतकें अज्ञात राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदि संशोधकांस सकळेचा उलगडा झाला, तेव्हां कोठें मराठी गद्याचा आरंभ किती जुना हें लोकांस कळलें.

ग्रंथ टिकवावयाचा तर नक्कल हवी आणि वाचक हवा. नकलनवीसाचें काम आतां यंत्रानें उचललें आहे. वाचकाचें काम माणसालाच केलें पाहिजे. मराठवाड्यांत ज्या घरीं जुने कागद पेटींत असतील, त्यांनीं ते रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांचीं चित्रें करून ठेवावींत, आणि घरांतील एका तरी मुलास मोडीचीं अक्षरें गिरवावयास लावावींत. पहिलें काम एका दिवसाचें आहे. दुसऱ्यास कांहीं महिने पुरतात. दुसऱ्यावांचून पहिलें मात्र व्यर्थ होय.