बडोद्याच्या फिरत्या पेट्या

सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ साली सबंध राज्याला लागू केले. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेले पोर पुन्हा निरक्षर होते. महाराजांच्या ग्रंथालयाच्या खटाटोपाचे मूळ इथे आहे.

१९१० साली त्यांनी अमेरिकेतील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. ते १९१३ पर्यंत बडोद्यात होते. राजवाड्यातील सुमारे २० हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया ठरली. ग्रंथपाल तयार करण्याचे वर्गही निघाले. ग्रंथालयासाठी गावाने वर्गणी जमवली, की तेवढीच भर पंचायत घाली आणि तेवढीच सरकार.

मला मात्र सर्वांत मोह पडतो तो तिथल्या फिरत्या पेट्यांचा. एका पेटीत १५ ते ३० पुस्तके. गावातल्या चार माणसांनी मागितली, की पेटी रवाना. वाचकाला दमडीचा खर्च नाही, रेल्वेचे भाडेदेखील सरकारी. पेटी बडोद्यात भरली जाई. गावातल्या माणसाने पुस्तके द्यायची, घ्यायची आणि पेटी परत धाडायची, बस्स. राज्य दुभाषी होते, प्रजा बहुतांशी गुजराती आणि दरबारात मराठीचा राबता. म्हणूनच १९१२ साली निघालेले ‘लायब्ररी मिसलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत छापले जाई. आपल्याकडच्या भाषिक हमरीतुमरीत हे आठवले की बरे वाटते.

आता आपल्या शाळांकडे पाहा. नवी पुस्तके आली की बिलाशी पडताळणी, दाखल-वहीत नोंद, पहिल्या पानावर शिक्का, आतल्या ठरावीक पानावर पुन्हा शिक्का, शेवटी तारखेची चिठ्ठी. हे सारे दोन दिवसांत उरकते. मग पुस्तक कपाटात जाते आणि कपाटाला कुलूप बसते. मास्तरांना तरी काय बोलावे? हरवलेल्या पुस्तकाची किंमत त्यांच्याच पगारातून कापली जाणार असते!

मी जिथे शिकवले, त्या सीमाभागातल्या शाळेत एक वर्ष आम्ही बडोद्याची नक्कल केली. चहाचे रिकामे खोके घेतले, त्यात २० पुस्तके भरली, १२ मराठी आणि ८ कानडी. दर सोमवारी खोके पुढच्या वर्गात जाई, वही वर्गातल्याच एका मुलीकडे असे. कानडी पुस्तके मराठी मुलांनी आधी चित्रांसाठी उघडली, पुढे मजकूरही वाचू लागली.

वर्षअखेर २ पुस्तके कमी भरली. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमके तेवढ्यावर बोट ठेवले. उरलेल्या १८ पुस्तकांत तारखांच्या चिठ्ठ्या भरून गेल्याने त्यांवर दुसऱ्या चिकटवाव्या लागल्या होत्या. त्या काही त्यांनी उलटून पाहिल्या नाहीत.