गाडीवरचे पांघरूण

'कारवान' हा फार्सी शब्द युरोपीय भाषांत गेला तेव्हा त्याचा अर्थ एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा जथा असा होता. पुढे इंग्रजीत त्याच शब्दाने मोठ्या झाकलेल्या गाडीचा बोध होऊ लागला, आणि अखेरीस चाकांवरच्या घराचा. आपण रोज वापरतो तो 'व्हॅन' हा शब्द म्हणजे त्याच कॅराव्हॅनचे तुटलेले शेपूट. मराठीने पहिल्या अर्थासाठी 'तांडा' हा शब्द राखला. चाकांवरच्या घरासाठी मात्र स्वतःचा शब्द घडवला नाही. 2021 साली महाराष्ट्र शासनाने या वाहनांच्या पर्यटनासाठी धोरण आणले, तेही 'कॅराव्हॅन' याच नावाने. प्रवास नसेल त्या महिन्यांत ही गाडी उघड्यावर उभी करावयाची तर तिच्यावर आच्छादन घालावे की नाही, हा प्रश्न तिच्या मालकांना आता पडू लागला आहे. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, हाच प्रश्न बैलगाडीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या सोडवला जात आला. त्या इतिहासाकडे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

गाडीचा हा इतिहास समजतो तितका प्राचीन नाही. दख्खनची मालवाहतूक दीर्घकाळ बैलाच्या पाठीवरून झाली. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1632 साली उत्तरेत पाहिलेल्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यात 14,000 बैल होते, सगळे धान्याने लादलेले. तेथे झाकावयाची वस्तू म्हणजे गोणी. हलकी दोन बैलांची गाडी या मुलखात सर्रास झाली ती एकोणिसाव्या शतकात. 1830च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड यांनी टेंभुर्णीस सुधारलेल्या गाड्या बनवविल्या. पुणे-सोलापूर रस्ता दौंड तालुक्यातून, पाटसवरून जात असल्याने या गाड्यांना हा मार्ग आपसूकच मिळाला. पुढे लोहमार्ग सोलापूरकडे गेला, 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, आणि गाडीचा लांबचा प्रवास संपून शेत ते स्टेशन एवढाच उरला. प्रवास आखडला तसा गाडीचा उभे राहण्याचा काळ वाढला.

उभी गाडी कोठे राहिली, हे भाषेवरून कळते. गाडीच्या आच्छादनाचे आपले शब्द तपासून पाहावेत: टप, टपाची गाडी, सारवट गाडी. यांतले प्रत्येक झाकण गाडीत बसणाऱ्या माणसासाठी आहे. खुद्द गाडीला झाकणाऱ्या वस्तूला मराठीत वेगळे नाव असल्याचे आमच्या वाचनात नाही. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' या म्हणीतला नळा हा वंगणाचा. म्हणजे आखाला तेल हवे याची जाणीव म्हणीपर्यंत पोचली, पांघरुणाची पोचली नाही. (विद्यार्थ्यांना ही म्हण शिकवताना नळा म्हणजे काय हे सांगावे लागते, यातच काय ते आले.) बैलांना गोठा होता, धान्याला कणगी वा पेव होते. गाडी अंगणाच्या कडेला, बाभळीच्या वा कडुलिंबाच्या सावलीत, असेच बहुधा.

हा निष्काळजीपणा होता असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील या दोन तालुक्यांत तो सुमारे पाचशेच्या आसपास. येथे लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. चैत्र-वैशाखात बाभळीचे चाक सुकते, आरे तुंब्यात खिळखिळे होतात, पुठ्ठ्यांचे सांधे उघडतात आणि लोखंडी धाव सैल होऊन निसटू पाहते. मग चाके पाण्याने भिजवायची. तेवढ्याने न भागल्यास लोहाराकडे जायचे. तो धाव तापवून फुगवतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओतून आवळतो. पावसाचे पाणी वाहून गेले व वारा लागला तर लाकूड पुन्हा सुकते. लाकडातील ओल वीस टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, आणि ती तशी राहते घट्ट गुंडाळलेल्या गाडीत. जमिनीतून उठणारी वाफ रात्री आच्छादनाच्या आतल्या बाजूस थेंबांच्या रूपाने जमते आणि पुन्हा लाकडावर पडते. झाडाची सावली ऊन अडवते, वारा अडवत नाही. निवड शहाणपणाची होती.

ताडपत्रीने हे गणित बदलले. हा शब्द ताडाच्या पानांची आठवण देतो खरा, पण त्याच्यामागे इंग्रजी 'टारपॉलिन', म्हणजे डांबर फासलेले कापड, असावे असे आम्हांस वाटते. ओळखीचे झाड पाहून परका शब्द तेथे वस्तीला आला. जाड सुती ताडपत्रीतून थोडी तरी हवा खेळते, गोणपाटातून भरपूर खेळते. नंतर आलेल्या प्लास्टिकच्या कागदातून अजिबात खेळत नाही, शिवाय वाऱ्याने फडफडून तो रंग खरवडतो. नव्या कॅराव्हॅनलाही हाच न्याय लागू पडतो. तिच्या सांध्यांतील रबर, टायर आणि खिडक्या यांना उन्हाची बाधा होते. त्यामुळे या भागात भिंती नसलेली उंच शेड सर्वांत चांगली, ती नसल्यास गाडी धुऊन कोरडी करून घातलेले हवा खेळणारे कापड. निळे प्लास्टिक आवळून बांधण्यापेक्षा गाडी उघडी ठेवलेली बरी.

पण हा न्याय ज्याच्याकडे आच्छादन जादा आहे त्याच्यासाठी. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि या मुलखात ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागल्या, बीड, नगर अशा दुष्काळी भागांतून. त्यांची गाडी हेच आपल्याकडचे खरे कॅराव्हॅन, असे म्हणण्यास हरकत नसावी. दिवाळीच्या सुमारास निघावयाचे, चार-सहा महिने फडाजवळ कोपीत राहावयाचे, मार्च-एप्रिलमध्ये परतावयाचे. गाडी रिकामी उभी राहते ती नेमकी उन्हाळ्याच्या कडाक्यात आणि नंतरच्या पावसाळ्यात, म्हणजे तिला जपण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा. अनेक ठिकाणी टायरगाडी कारखान्याची असते. ती मग यार्डात गंजत राहते आणि तिची काळजी कोणाचीच नसते. गाडी स्वतःची असेल तर घरात ताडपत्री बहुधा एकच. ती कोपीच्या छपरावर होती, तीच गावी गळक्या घरावर जाते, किंवा बी-बियाण्याच्या पोत्यांवर. आर्द्रतेचा विचार येथे उपयोगाचा नसतो. अगोदर कोण, एवढेच ठरवावयाचे असते, आणि त्या क्रमात गाडी शेवटी येते. जिच्यावर उचलीची फेड अवलंबून आहे तीच शेवटी येते, हे त्या घरालाही ठाऊक असते.

पुढच्या हंगामाला निघताना सुतार-लोहाराची डागडुजी होते, कर्जात थोडी भर पडते, भांडीकुंडी, पीठमिठाचे डबे आणि लेकरे गाडीत बसतात, आणि घरावरून उतरवलेली ती ताडपत्री त्यांच्यावर ओढली जाते.