भीमेच्या पुलावर बदलणारं नाव

सोलापूरहून विजापूरला निघालेली एसटी टाकळीजवळ भीमेच्या पुलावर चढली की मामा शर्टाच्या खिशातून मोबाइल काढायचे आणि लाल बटण दाबून धरायचे. पडदा काळा झाला की मला सांगायचे, "तुझाबी बंद कर की रे, उगं बॅलन्स खातंय." पुलापलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. त्यांची मुलगी विजापुरात दिलेली. तिच्याकडे जाताना वाटेत तिचाच फोन आला असता, तर तो उचलायचे पैसे मामांच्या खात्यातून कापले गेले असते.

अंतराचे पैसे मोजणं आमच्याकडे नवं नव्हतं. ट्रंक कॉलच्या काळात एक्स्चेंजला नंबर लावून ताटकळत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशी घाईची चढती किंमत. मग एसटीडी आली, पिवळ्या पाट्यांचे बूथ आले आणि रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून माणसं जेवून बूथवर रांगेला उभी राहू लागली. पुढे जवळच्या गावांसाठी शून्याऐवजी 95 फिरवायची सोय झाली. पुण्याहून सोलापूरला 95217. या सगळ्या व्यवहारात एक सरळ हिशेब होता. गाव जितकं लांब तितका पैसा जास्त, आणि पैसा फोन करणाऱ्याचा.

मोबाइलनं हा हिशेब मोडला. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. महानगरांबाहेरच्या देशाचे त्याच सुमारास परवान्यांसाठी तुकडे पाडले गेले. त्यांना सर्कल म्हणतात. दूरसंचार खात्याच्या जुन्या विभागांवरून, म्हणजे बहुतेक ठिकाणी राज्यांच्या हद्दींवरून ही सर्कल ठरली आणि प्रत्येकात जास्तीत जास्त दोन खाजगी कंपन्यांना परवाने मिळाले. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, त्यात बिर्ला एटीअँडटी आणि बीपीएल. कर्नाटकात स्पाइस आणि जेटी मोबाइल्स. आंध्रात टाटा सेल्युलर आणि पुन्हा जेटी.

सोलापूरकराच्या दृष्टीनं हा नकाशा विचित्र होता. गडचिरोली आणि पणजी त्याच्या 'घरात' आली आणि शंभर किलोमीटरवरचं विजापूर परकं झालं. मुंबईचं सर्कलही वेगळं, आणि त्यात कल्याणसुद्धा. म्हणजे रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलेला माणूस पहाटे कल्याणला जागा व्हायचा तो रोमिंगमध्ये, स्वतःच्याच राजधानीच्या दारात. आमच्या शहरात मराठीइतक्याच सहज कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलली जाते. पद्मशाली विणकरांची मुळं तेलंगणात, लिंगायत घरांची सोयरीक विजापूर-कलबुर्गीकडे. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन तसंच पुढे गाणगापूरला जायचं, ही तर महाराष्ट्रभरच्या भाविकांची ठरलेली वाट. या सगळ्या वाटांवर परवान्याची रेषा आडवी आली.

रोमिंग हा प्रकार मुळात सोयीसाठी जन्माला आला, हे इथं सांगायला हवं. 1981 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या देशांनी मिळून एनएमटी नावाचं जाळं उभारलं, ते एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालावा म्हणून. जीएसएम या मोबाइल तंत्राच्या काळातला पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार 1992 मध्ये फिनलंडची टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात झाला. त्यामागची रचना दोन वह्यांची. एक घरची वही. तिच्यात तुमचा नंबर कायमचा नोंदलेला. दुसरी पाहुण्यांची, तुम्ही परक्या टॉवरखाली गेलात की तिथली कंपनी तुमचं नाव तिच्यात लिहिते आणि तुमच्या घरी कळवते. मग तुम्हाला आलेला फोन आधी घरी येतो, वही बघतो आणि तिथून लांबच्या तारेनं तुमच्याकडे धाडला जातो. फोन करणाऱ्याला तुम्ही कुठं आहात ते ठाऊक नसतं, म्हणून घर ते परगाव या टप्प्याचे पैसे तुम्ही भरायचे.

1 मे 2003 पासून देशात इनकमिंग फुकट झालं आणि घराघरांत मोबाइल परवडू लागला. त्यानंतर मात्र रोमिंगची रेषा अधिक टोचायला लागली, कारण फोन घेण्याचे पैसे आता फक्त रेषेपलीकडेच पडत होते.

आणि रेषा तरी जागेवर कुठं होती? जीएसएमचा टॉवर तत्त्वतः 35 किलोमीटरपर्यंतचा फोन धरू शकतो. आमचा मुलूख सपाट, मध्ये डोंगर नाही. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या तालुक्यांच्या सीमेवरच्या गावात माणूस आपल्या अंगणात बाजेवर पडलेला असायचा आणि फोनला पलीकडच्या टॉवरची रेंज जास्त मिळाली की तो घरबसल्या रोमिंगमध्ये जायचा. शेतात मोटार चालू करायला गेलेल्या गड्याला 'कर्नाटकात आपले स्वागत' असा मेसेज यायचा.

लोकांनी त्यावर उपाय शोधले. सेटिंगमध्ये जाऊन 'नेटवर्क सिलेक्शन मॅन्युअल' करायचं, हे इंग्रजी न वाचता येणाऱ्यांनाही बटणांच्या क्रमानं पाठ होतं. पोचल्याची खूण म्हणून दोन रिंग द्यायच्या आणि कट करायचं. कर्नाटकात गेल्यावर बॅलन्स संपला तर तिथलं रिचार्ज इथल्या नंबरवर चढायचं नाही, म्हणून घरून मोठं रिचार्ज मारून निघायचं. डबल सिमचा फोन आला तेव्हा दुसऱ्या खाचेत विजापूरचं सिम गेलं. गरज केवढी होती, हे त्या दुसऱ्या खाचेकडे बघून कोणत्याही कंपनीला कळलं असतं.

कळलंही, पण हळूहळू. 2007 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं रोमिंगचं मासिक भाडं बंद केलं आणि इनकमिंगला मिनिटाला 1 रुपया 75 पैशांची कमाल मर्यादा घातली. 2013 मध्ये ती 75 पैशांवर आली, 2015 मध्ये 45 वर. दरम्यान नकाशावरचे तुकडे आपसांत जोडले जात होते. बिर्ला-टाटा-एटीअँडटीची आयडिया झाली आणि 2008 मध्ये तिनं स्पाइस विकत घेतली. भीमेच्या दोन्ही तीरांवर एकच मालक आला. पाहुण्यांची वही आणि घरची वही एकाच कपाटात गेल्यावर पाहुणचाराचे पैसे लावायला सबळ कारण उरलं नव्हतं. तरी ते पैसे आणखी काही वर्षं घेतले गेले, याचा मला आजही राग येतो.

15 जून 2015 ला बीएसएनएलनं देशभर इनकमिंग रोमिंग मोफत केलं. युरोपीय संघानं आपल्या देशांमधला रोमिंगचा जादा आकार काढला तो बरोबर दोन वर्षांनी, 15 जून 2017 ला. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली ती देशभर एकच जाळं घेऊन आणि रोमिंग हा शब्दच दरपत्रकातून वगळून. मग 1 एप्रिल 2017 पासून एअरटेलनंही देशांतर्गत रोमिंगचे पैसे बंद केले.

सर्कल मात्र आजही आहेत. परवाने आणि लहरींचे लिलाव अजून 22 सर्कलनुसारच होतात. फोनमध्ये जाळ्याचा क्रमांक दाखवणारं ॲप टाकलं, तर एअरटेलचा महाराष्ट्रातला 404-90 पुलापलीकडे 404-45 होताना दिसतो. बीएसएनएलचा 66 चा 71 होतो. गेल्या खेपेला मी ते मामांना दाखवायला गेलो, पण ते फोनवर होते. मुलीला सांगत होते, "टाकळीचा पूल लागला बघ. दीड तासात येतोच."