सहा नावं आणि कलम १२१

बाविसाव्या वर्षी मी काय करत होतो? नोकरी लागून पाच महिने झाले होते, ट्रेनिंग संपवून बेंचवर बसलो होतो आणि कँटीनच्या चहाला नावं ठेवणं हे मुख्य काम होतं. सौरभ कालियालाही बाविसाव्या वर्षी नोकरीत पाचच महिने झाले होते. तो कारगिलच्या काकसर भागात गस्तीवर निघाला होता.

मी त्याला अरेतुरे करतोय, कारण आता तो माझ्यापेक्षा लहान आहे. मी पुढे सरकलो, तो तिथेच राहिला.

हिमाचलमधल्या पालमपूरचा मुलगा. तिथल्याच कृषी विद्यापीठातून बीएस्सी, मग सीडीएस परीक्षा, डेहराडूनची अकॅडमी, आणि डिसेंबर १९९८ मध्ये ४ जाट रेजिमेंटमध्ये अधिकारी. पहिलंच पोस्टिंग कारगिल. हिवाळ्यात उंचावरच्या काही चौक्या रिकाम्या करायच्या आणि बर्फ उतरू लागलं की गस्त पाठवून पाहणी करायची, अशी तिथली पद्धत होती. १५ मे १९९९ ला सौरभ बजरंग पोस्टकडे गेला तो त्यासाठीच. सोबत पाच जवान होते: अर्जुन राम, भंवरलाल बगारिया, भिका राम, मूला राम आणि नरेश सिंह. वर पाकिस्तानी सैनिक आधीच येऊन बसले होते. चकमक झाली, कुमक पोचायच्या आत सहाही जण वेढले गेले आणि जिवंत पकडले गेले. त्यांना शोधायला गेलेला त्याच पलटणीचा अमित भारद्वाजही लढाईत मारला गेला.

९ जूनला सहा मृतदेह परत आले. शवविच्छेदनात दिसलेल्या जखमा जिवंतपणी केलेल्या होत्या. त्यांचं वर्णन इथे करणार नाही. ते फॉरवर्ड करणारे पुष्कळ आहेत. राग येतो, दोन मिनिटं टिकतो आणि आपण पुढचा मेसेज उघडतो... मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

१९४९ चा तिसरा जिनिव्हा करार युद्धकैद्यांविषयी आहे. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही तो मान्य केलेला आहे. युद्ध अधिकृतपणे जाहीर झालं नसलं तरी तो लागू होतो (कलम २). कैद्याला माणुसकीने वागवायचं (कलम १३), छळ करून माहिती काढायची नाही (कलम १७). हे बहुतेकांना माहीत असतं. पण कलम १२१ वाचून मी थांबलो. कैद्याचा मृत्यू कुणी घडवल्याचा संशय असेल, किंवा मृत्यूचं कारणच कळत नसेल, तर ज्याच्या ताब्यात तो होता त्या देशाने ताबडतोब अधिकृत चौकशी करायची!

पाकिस्तानने छळाचा आरोप कायम नाकारला. २०१२ मध्ये दिल्लीला आलेले त्यांचे गृहमंत्री रहमान मलिक म्हणाले की सौरभचा मृत्यू हवामानामुळेही झाला असेल. ठीक आहे, क्षणभर मानू. कारण माहीत नाही ना? मग कलम १२१ प्रमाणे चौकशीचे कागद दाखवा. विषय इथेच संपतो.

वर आमचे सैनिक नव्हतेच, मुजाहिदीन होते, हा १९९९ मधला दावाही टिकत नाही. कारगिलसाठी पाकिस्तानने आपल्या दोन सैनिकांना निशान-ए-हैदर दिलं. आणि नियम माहीत नव्हते असंही नाही. २७ मे ला पकडलेला वैमानिक नचिकेत ३ जूनला सोडला गेला. त्यालाही मारहाण झाली होती, पण तो परत आला. १९७१ नंतर भारताने सुमारे ९३ हजार कैदी सुखरूप परत पाठवले होते, ते याच कराराच्या चौकटीत.

मग आपण आंतरराष्ट्रीय न्यायालयात का गेलो नाही? कारण राष्ट्रकुल देशांमधले वाद तिथे चालवू नयेत अशी अट आपणच घालून ठेवली आहे. ती अट आपल्याला इतर ठिकाणी उपयोगी पडते, इथे आड येते. सौरभचे वडील डॉ. एन. के. कालिया वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले. २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची मागणी साधी होती: या मृत्यूंना युद्धगुन्हा म्हणा आणि जबाबदार कोण ते शोधा.

पालमपूरला सौरभच्या नावाचं वनविहार आहे. बाकी पाच नावं मात्र बातम्यांमध्ये बहुतेक वेळा 'आणि पाच जवान' एवढीच उरतात. मलाही परवापर्यंत ती येत नव्हती. वर लिहिलीत, एकदा परत वाचा. करार अधिकाऱ्यासाठी वेगळा आणि शिपायासाठी वेगळा नाही. द्यायची चौकशी एक नाही, सहा आहेत.